शेवटच्या धड्यापासून शिकवणाऱ्या मॅडम

परदेश नेमका कुठून सुरू होतो, असं तुम्हाला वाटतं? विमानतळ, व्हिसा, पासपोर्टावरचा शिक्का हे सगळं बाजूला ठेवा आणि मग उत्तर द्या.

हा प्रश्न आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारला गेला. आम्ही नऊ जण होतो. कुणी दुबई म्हणालं, कुणी अमेरिका. जव्हारच्या कापड दुकानदाराचा मुलगा म्हणाला, समुद्र ओलांडला की परदेश. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग हातातल्या घडीच्या छत्रीचं टोक भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर, साधारण जव्हार असेल त्या जागी टेकवलं आणि तिथून जेमतेम केसभर सरकवलं.

"जिथं अनोळखी दारात पाणी मागायची लाज वाटते, तिथून परदेश सुरू," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या निम्म्यांच्या आया दर वर्षी परदेशी जाऊन येतात. पुस्तकात त्यांचा फोटो नाही, एवढंच."

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर खरंच फोटो होता. टाय लावलेला एक माणूस, चाकांची बॅग आणि मागे विमान. विषयाचं नाव होतं आंतरराष्ट्रीय मानव संसाधन व्यवस्थापन. एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हा विषय आमच्या कॉलेजात का ठेवला होता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा यादीत होता म्हणून. दुसरे प्राध्यापक तो घ्यायला तयार नव्हते. शिकवायचा कुणाला, इथून परदेशी कंपनीत मॅनेजर म्हणून कोण जाणार, असं ते स्टाफरूममध्ये बोलत आणि ते आमच्यापर्यंत पोचत असे. मॅडमनी तो मागून घेतला.

मॅडम जव्हारच्याच. त्यांच्या वडिलांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. संस्थानच्या काळापासून हे मुसलमान घराणं तिथे कपडे शिवत आलेलं. सलवार-कमीजखाली त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत, बाराही महिने. खांद्याला शबनम पिशवी, हातात छत्री, एप्रिलातसुद्धा. छत्री उन्हासाठी नव्हती, पावसासाठी नव्हती, नकाशासाठी होती. आणि दिसेल तो कागद वाचायचा, ही त्यांची खोड. भजी बांधून आलेला कागद, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या भिंतीवरची तीन वर्षं जुनी सूचना. चालता चालता थांबून वाचायच्या. एकदा आम्ही सगळे चहाला उभे असताना त्यांनी साखरेच्या रिकाम्या पोत्यावरची सगळी अक्षरं वाचून काढली. मग म्हणाल्या, "लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेत. वाचायला आपल्याला काय होतं?"

त्या पुस्तक शेवटच्या धड्यापासून शिकवत. शेवटचा धडा होता माणूस परदेशातली नेमणूक संपवून घरी परततो त्याविषयी. रिपॅट्रिएशन. आम्हाला तो शब्द धड उच्चारता येत नव्हता. मॅडमचं म्हणणं असं की पुस्तक लिहिणाऱ्याने माणूस पाठवण्यापासून सुरुवात केली, कारण तो कंपनीच्या बाजूने उभा आहे. आपण घराच्या बाजूने उभे आहोत, म्हणून आपण परतीपासून सुरू करायचं. कसा परत यायला हवा ते आधी ठरलं, तर कसा पाठवायचा ते कळतं.

हा धडा शिकवताना त्यांनी त्यांच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली होती. ते अकरा वर्षं आखातात एसी दुरुस्तीचं काम करत होते. कायमचे परत आले तेव्हा घरात पाहुण्यासारखे बसत. त्यांचा साबण, टॉवेल आणि जेवणाचं ताट पलंगाखाली सुटकेसमध्ये असे. जेवण झालं की ताट धुवून, पुसून परत सुटकेसमध्ये. तिकडे एका खोलीत दहा माणसं राहत, वस्तू नाहीशा होत, त्यामुळे लागलेली सवय. मॅडमनी वर्षभर वाट पाहिली. एका शुक्रवारी त्यांनी सुटकेस ओढून बाहेर काढली, ताट मांडणीवर लावलं, टॉवेल दोरीवर टाकला आणि नवऱ्याला सांगितलं की आजपासून तुमची नेमणूक घरी झाली आहे, रिकामी सुटकेस मी शेजारणीला गहू ठेवायला दिली. ते आधी रागावले, मग रडले, मग म्हणाले की गव्हाला कीड लागेल, डबा दे. आम्ही हसलो. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, पुस्तकात याला सहा महिने लागतात असं दिलंय, पुस्तक चूक आहे.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं गाव खोडाळ्याच्या जवळ. वडील एका श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. आमच्या घरात धान्याच्या कणगीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे उंच होते. मी वाचायला त्यांतूनच शिकले. इतर मुलांनी आधी कमळ वाचलं, मी निषेध वाचला. तेव्हा मानव संसाधन हे दोन शब्द पाहिल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या. माणूस म्हणजे काय कोळसा आहे, की पाणी आहे, की लाकूड? दुसऱ्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं, माणूस संसाधन नाही, आणि शिष्यवृत्तीच्या सूचनेशेजारी फलकावर चिकटवलं.

दुपारी ते गायब झालं. प्राचार्यांकडे गेलं असणार, असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात भाषण तयार केलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते माझ्या बाकावर ठेवलं. लाल शाईने तपासलेलं. वीसपैकी अकरा गुण. समासात लिहिलं होतं: मागणी चांगली. कोणाकडे? कधीपर्यंत? नाही मिळाली तर काय? आणि खाली, दुसऱ्या परिच्छेदात राग आहे, माहिती नाही.

मी म्हटलं, मॅडम, हे उत्तरपत्रिका म्हणून लिहिलेलं नाही.

"मग कशाला लिहिलंस, पत्रकवाली? उत्तर नको होतं का?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली झाले. पत्रक त्यांनी स्वतः परत फलकावर लावलं, गुणांसकट. आठवडाभर अख्खं कॉलेज माझे अकरा गुण वाचत होतं. एवढा राग मला कुठल्या सरकारचासुद्धा आलेला नव्हता.

त्यांचा हजेरीपटही दोन भागांत असे. आधी आमची हजेरी, मग घरची हजेरी. प्रत्येकाने उठून सांगायचं, घरातलं कोण आज घराबाहेर आहे, कुठे, कशासाठी, आणि कधी परत येणार. काका भिवंडीला गोदामात. बहीण ठाण्याला धुणीभांडी. आईबाप वीटभट्टीवर, कुठली ते माहीत नाही. मॅडम ते सगळं एका जाड वहीत उतरवून घेत. परत कधी येणार, या रकान्यात माहीत नाही असं आलं की त्यांचं पेन थांबे. मॅडम पुढच्या तासाला पुन्हा तेच विचारत, आणि माणसाला घरी फोन लावावाच लागे.

कापड दुकानदाराच्या मुलाची गोष्ट कॉलेजात अजून सांगतात. परक्या संस्कृतीत माणसाचं काय होतं, हा धडा होता. मॅडमनी त्याला तीन दिवसांसाठी आमच्या गावी एक्सपॅट्रिएट, म्हणजे कंपनीने परदेशी पाठवलेला माणूस, म्हणून नेमलं. आमच्याच घरी. जाताना त्याला काहीही सांगितलं नाही. पहिल्या जेवणाला नागलीची भाकरी पाहून त्याने माझ्या वहिनीला विचारलं की ही करपली आहे का. वहिनीने भाकरी उचलली, त्याला दुसरी दिली, तीही तशीच काळपट. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो जव्हारला परत. अहवाल लिहिताना बिचारा घामाघूम झाला होता, पण खरं लिहिलं: मला काहीच माहीत नव्हतं, मी घरच्या बाईचा अपमान केला आणि मला भूक लागली होती. मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि फळ्यावर स्वतःच्या नावापुढे मोठं शून्य काढलं. परदेशी गेलेला माणूस अर्ध्यावर परत आला तर कंपन्या त्याच्या नावावर अपयश मांडतात, त्या म्हणाल्या. मी याला काही न सांगता पाठवलं. अपयश पाठवणाऱ्याचं.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर जव्हारच्या एसटी डेपोजवळ भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या भरतात, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. आमच्या आधीच्या तुकडीला मॅडमनी तिथे तास घ्यायला नेलं होतं. माणूस परदेशी पाठवण्याआधी कंपनीने काय काय पाहायचं, याची पुस्तकात एक यादी आहे: राहायची जागा, मुलांची शाळा, दवाखाना, तिथली भाषा, अडचणीत कुणाला भेटायचं, परतीची तारीख. मुलांनी ती यादी घेऊन गाठोड्यांवर बसलेल्या माणसांना एकेक प्रश्न विचारायचा होता. एका म्हाताऱ्या बाईने सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि विचारलं, "सोय हाय का त्ये इचारतीस, का सोय करनार हायस, बाय?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला. तो पुसायचा नाही, अशी शिपाईमामांना ताकीद होती. आम्ही त्या वर्गात आलो तेव्हाही तो तिथेच होता. खडू विटला की मॅडम पुन्हा गिरवत.

आता माझ्या दादाचं सांगते.

दादा आठ महिन्यांपासून वाड्याच्या बाजूला एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात कामाला होता. गाड्यांसाठी वायरींच्या जुड्या बांधायचं काम. आमच्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतली मिळून अकरा पोरं तिथे होती. दादाला नोकरी लागली म्हणून त्या वर्षी आमच्या घरातलं कुणीही भट्टीवर गेलं नव्हतं, आणि दादाची मुलगी पहिल्यांदा सलग वर्षभर शाळेत बसली होती. जुलैत आवणी आली. चिखल केलेल्या खाचरात भाताची रोपं लावायची ती आवणी. पाणी उभं राहिलं आणि रोप तयार झालं की थांबता येत नाही. आणि ती एकट्याची नसते. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. जो दुसऱ्याच्या खाचरात उतरला नाही, त्याच्या खाचरात कुणी उतरत नाही. दादा आला, पंधरा दिवस राबला, परत गेला. गेटवर त्याला सांगितलं की तुझं नाव काढलंय. अकराच्या अकरा पोरांचं नाव काढलेलं. कारण लिहिलं होतं: न कळवता काम सोडून पळाले.

मी दादावर चिडले. अर्ज का नाही दिलास, म्हणून ओरडले.

दादा म्हणाला, "सांगून आल्तो ना."

"कुणाला?"

"दारावर. वॉचमनला."

आमच्याकडे बाहेरगावी जायचं तर दारात जो बसलेला असेल त्याला सांगून निघतात. तो निरोप ठेवतो. मग घरी कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. अकरा पोरांनी तेच केलं होतं. ऑफिस वरच्या मजल्यावर, काचेच्या दारामागे. तिथे दादा आठ महिन्यांत एकदाही चढला नव्हता. मला त्याची कीव आली आणि लाजही वाटली. लाज त्याचीच वाटली, हे आता कबूल करते. एवढी पत्रकं वाचूनही मी कंपनीच्याच बाजूने विचार करत होते.

दिवाळीनंतर भट्टीची गाडी येणार होती. दादा, वहिनी आणि पोरगी तिघं जाणार, हे न बोलता ठरलं होतं. घरच्या हजेरीला मी सांगितलं की दादा सध्या घरी आहे. मॅडमनी विचारलं, का? मी सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. मला ते लागलं. उलट पुढच्या आठवड्यात त्यांनी एक विचित्रच गृहपाठ दिला: प्रत्येकाने आपल्या आणि शेजारच्या गावांत विचारून यायचं, यंदा आवणी कुठल्या दिवशी सुरू झाली, कधी संपली, कोण कुणाच्या शेतात गेलं. मी म्हटलं, मॅडम, हा शेतीचा विषय आहे. त्या म्हणाल्या, वीस गुणांचा आहे.

मग सप्टेंबरात औद्योगिक भेट ठरली. दादाच्याच कारखान्यात. मॅडमनी प्राचार्यांकडून रीतसर पत्र नेलं होतं. बसमध्ये मी शबनममध्ये चार पानी निवेदन घेऊन बसले होते. त्यात शोषण हा शब्द किती वेळा होता ते विचारू नका.

गेटवर सगळ्यांना रजिस्टरमध्ये नाव लिहून सही करायची होती. जाड, कोपरे झिजलेलं, गेल्या वर्षी सुरू झालेलं रजिस्टर. वॉचमन बिहारचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. आम्ही सह्या केल्या. मॅडमनी सही केली आणि सवयीप्रमाणे मागची पानं चाळायला लागल्या. चाचांनी आधी थोडं बिचकून पाहिलं, मग त्यांना बरं वाटलं असावं. एवढं नेमाने लिहिलेलं त्यांचं अक्षर आजवर कुणी वाचलं नव्हतं. एका पानावर मॅडम थांबल्या. मग बरीच पानं उलटून आणखी एका पानावर थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. चाचांशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या. मला ऐकू आलं नाही.

आत आम्हाला एका थंड खोलीत बसवलं. एचआरचे साहेब तरुण होते, शहरातले, बोलायला गोड. त्यांनी पडद्यावर कंपनीचे किती देशांत कारखाने आहेत ते दाखवलं. मग कामगारांच्या गैरहजेरीचा विषय निघाला. ते म्हणाले की जव्हार-मोखाड्याची मुलं हाताला चांगली आहेत, पण त्यांना कामाची शिस्त नाही. जुलैत अकरा जण न सांगता पळाले. म्हणून कंपनीने ठरवलंय की यापुढे त्या दोन तालुक्यांतून भरती करायची नाही. वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाले.

मी उठले. निवेदन बाहेर काढलं. मॅडमनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"भाषण नंतर. आधी वाचन." मग साहेबांकडे वळून, "न सांगता गेले म्हणालात ना, सर?"

"हो, मॅडम. न सांगता."

"गेटवरचं रजिस्टर मागवता का?"

साहेबांना वाटलं असावं की हाही अभ्यासाचाच भाग आहे. रजिस्टर आलं, सोबत चाचाही आले, टोपी हातात घेऊन. तेवढ्यात कारखान्याचे मोठे साहेब, इटलीचे पिकल्या केसांचे गृहस्थ, विद्यार्थ्यांसोबत फोटो काढायला खोलीत आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. मॅडमनी जुलैचं पान उघडून माझ्या हातात दिलं. वाच, म्हणाल्या.

हिंदी अक्षर होतं, ठसठशीत. तारीख, नाव, वेळ, कारण. मी मोठ्याने वाचलं. पहिलं नाव जामसरच्या पोराचं. कारण: आवणी, पंधरा दिन. दुसरं नाव. कारण: आवणी, पंधरा दिन. अकरा नावं, बारा-तेरा दिवसांत गेलेली. सातवं नाव माझ्या दादाचं होतं. मी थांबून पुन्हा वाचलं.

"बोल के गए थे, साहब," चाचा म्हणाले. "सब बोल के गए. मैंने लिखा भी. किसी ने पूछा नहीं."

एचआरचे साहेब म्हणाले की रजा सांगायची एक पद्धत असते, अर्ज असतो, गेटवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. मॅडमनी मान डोलावली. मग त्यांनी रजिस्टर मागे उलटवून डिसेंबरचं पान माझ्यापुढे धरलं. तेही वाच.

तेच अक्षर, तेच रकाने. नाव: बडे साहब. कारण: घर, नाताल, तीन हफ्ते.

मोठ्या साहेबांनी विचारलं, ती काय वाचते आहे. एचआरच्या साहेबांना ते स्वतःच्या तोंडाने त्यांना इंग्रजीत सांगावं लागलं. दोन्ही पानं. मोठे साहेब उठले, टेबलाशी आले, रजिस्टर पाहिलं. हिंदी त्यांना वाचता येत नव्हती, पण रकाने दिसत होते. मॅडम मग इंग्रजीत बोलल्या. त्यांची इंग्रजी पुस्तकासारखीच होती, वाक्य संपलं की पूर्णविराम ऐकू यायचा. त्यांनी सांगितलं की आमच्या पुस्तकात या तीन आठवड्यांना होम लीव्ह म्हणतात. माणूस घरापासून लांब पाठवला तर ती त्याला द्यायचीच असते, उपकार म्हणून नव्हे. ही अकरा मुलंही घरापासून लांब पाठवलेली आहेत. तुमची होम लीव्ह कंपनीने मोजली, यांची मोजली नाही.

मोठे साहेब रागावले नाहीत. त्यांनी एक साधा, धंद्याचा प्रश्न विचारला. अकरा माणसं एकदम गेली तर माझी लाईन बंद पडते, त्याचं काय?

मी पत्रकांवर वाढलेली. या प्रश्नाचं उत्तर पत्रकांत नव्हतं. मॅडमकडे होतं. त्यांनी शबनममधून एक घडी केलेला मोठा कागद काढून टेबलावर पसरला. आमचाच गृहपाठ होता, नऊ जणांनी गावोगाव विचारून आणलेला, त्यांनी रात्री बसून एकत्र केलेला. कुठल्या गावात रोप कधी तयार होतं, पाणी कुठे आधी उभं राहतं. जामसरकडची आवणी आणि आमच्या खोडाळ्याकडची आवणी यांच्यात जवळजवळ बारा दिवसांचा फरक दिसत होता. पोरांचे दोन गट सहज पडत होते. एक गट परत येतो, तेव्हा दुसरा निघतो.

"समजावून सांग त्यांना," मॅडम मला म्हणाल्या. "आता भाषण."

आणि मी सांगितलं. निवेदन न उघडता. शोषण हा शब्द एकदाही न उच्चारता. खाचर, रोप, पाणी, पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात उतरणं, पहिला गट, दुसरा गट. कापड दुकानदाराचा मुलगा भाषांतर करत होता, आणि नागलीच्या भाकरीपेक्षा ते त्याला नक्कीच सोपं गेलं. मोठे साहेब कागदावर बोट ठेवून गावांची नावं उच्चारायचा प्रयत्न करत होते. शेवटी ते म्हणाले, विचार करतो.

"कधीपर्यंत?" मॅडमनी विचारलं.

मोठे साहेब हसले आणि पंधरा दिवस म्हणाले. मॅडमनी ते गेटवरून जाताना चाचांच्या रजिस्टरमध्ये आमच्या नावांपुढे, कारणाच्या रकान्यात लिहायला लावलं: उत्तर, पंधरा दिवस.

आम्ही परतलो आणि हे ऐकून प्राचार्य धास्तावले. कंपनी आता मुलांना उभं करणार नाही, असं त्यांना वाटत होतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे घरची हजेरी घेतली.

चौदाव्या दिवशी कॉलेजात पत्र आलं. अकरा मुलांना कामावर परत घेतलं होतं. पुढच्या वर्षीपासून कंपनीच्या रजेच्या यादीत आवणीची रजा येणार होती, दोन गटांत, बारा-बारा दिवसांची, आमच्या कागदाप्रमाणे. भरतीवरची बंदी उठली होती. आणि सगळ्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की रजेचा अर्ज यापुढे मराठीत असेल आणि तो गेटवर, चाचांकडे मिळेल. मॅडमनी ते पत्र वर्गात मला वाचायला लावलं. मी वाचलं, आणि आम्ही नऊच्या नऊ जण बाकांवर उभे राहिलो. कशासाठी ते कुणालाच सांगता आलं नसतं. मॅडमनीही उतरा म्हटलं नाही.

दिवाळीनंतर भट्टीची गाडी आली. आमच्या दारासमोर थांबली. दादा कामावर होता. मुकादमाने हाक मारली. वहिनी अंगण झाडत होती. ती झाडू घेऊनच पुढे गेली.

"यंदा आमी नाय."

मुकादम म्हणाला, नवऱ्याला विचार.

"त्यो कामावं हाय. पोर शाळंत हाय. आन् मी हितं हाय. आता कुनाला नेतोस?"

गाडी गेली. वहिनी पुन्हा झाडायला लागली. मी ओट्यावरून हे पाहिलं, आणि आजवर वाचलेल्या कुठल्याही पत्रकात मला याहून मोठा विजय सापडलेला नाही.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. जव्हारच्या बाजारात दिसतात, पांढऱ्या बुटांत, एखाद्या दुकानाची पाटी वाचत उभ्या. तो विषय आता मी शिकवते, तासिका तत्त्वावर. कंपनीने गेल्या दोन जुलैंत आवणीची रजा दिली. लाईन एक दिवसही बंद पडली नाही. दादा परत गेला तेव्हा चाचांनी त्याला विचारलं की भात कसं लागलं.

पण एका कारखान्याने भागत नाही. आमच्या डोंगरातली माणसं तुमच्याकडे आहेत. तुमच्या गोदामात, बांधकामावर, खानावळीत, तुमच्या सोसायटीच्या गेटवर, तुमच्या स्वयंपाकघरात. जुलैत त्यांतलं कुणीतरी दोन आठवडे दिसणार नाही, आणि तुम्ही दुसरा माणूस ठेवाल. म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. यंदाचा जून लागण्याआधी त्यांना विचारा, तुमच्या गावची आवणी कधी असते. ते सांगतील तो आठवडा एका कागदावर लिहा. त्याखाली लिहा, या दिवसांत तुमची जागा तुमचीच राहील. सही करा, आणि तो कागद त्यांच्या हातात द्या.